हुआहिने बेटावरील एक दिवस : काल, भाषा आणि साक्ष

१

इ. स. १७६९ च्या जुलै महिन्यात 'एन्डेव्हर' ही इंग्रजी शिडाची नौका दक्षिण पॅसिफिक महासागरातील हुआहिने या बेटाला लागली. उपलब्ध नोंदींप्रमाणे या बेटाच्या किनाऱ्यावर उतरलेले हे पहिले युरोपीय लोक होत. त्या दिवशी बंदूक उडाली नाही, रक्त सांडले नाही, कोणास ओलीस धरण्याचा प्रसंग आला नाही. बहुधा याच कारणामुळे लेफ्टनंट जेम्स कुकच्या पहिल्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या इतिहासात या दिवसाच्या वाट्यास एखाददुसऱ्या परिच्छेदापलीकडे जागा आलेली नाही. ताहिती बेटावरून घेतलेले शुक्राच्या अधिक्रमणाचे वेध (३ जून १७६९) आणि न्यूझीलंडच्या किनाऱ्याचे सर्वेक्षण या दोन मोठ्या प्रकरणांच्या मध्ये हुआहिनेचा दिवस दबून गेला आहे.

तथापि संघर्षाची सर्व कारणे हजर असताना जेथे संघर्ष झाला नाही, तेथील शांतता ही संघर्षाइतकीच स्पष्टीकरणाची अपेक्षा करते. दोनच वर्षांपूर्वी, १७६७ साली, 'डॉल्फिन' नौका ताहितीच्या मातावाइ उपसागरात आली तेव्हा तोफांच्या मारानंतरच तेथे व्यवहार सुरू झाला होता. हुआहिने येथे तसे का घडले नाही, ही शांतता कोणी व कोणत्या साधनाने घडविली, आणि तिची नोंद ज्या हातांनी झाली त्यांस ती कितपत समजली होती, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

या विचारास तीन लिखित साधने उपलब्ध आहेत. पहिले, कुकची रोजनिशी. तिचा मूळ पाठ १८९३ साली वॉर्टन यांनी व पुढे १९५५ साली बीगलहोल यांनी संपादून प्रसिद्ध केला. दुसरे, नौकेवरील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स यांची रोजनिशी. तिची बीगलहोलकृत आवृत्ती १९६२ साली निघाली. तिसरे, जॉन हॉक्सवर्थ यांनी १७७३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेला सफरींचा वृत्तांत. पहिली दोन साधने प्रत्यक्षदर्शींची आहेत. तिसऱ्याचा कर्ता त्या नौकेवर कधी चढलाही नव्हता. त्याने कुक व बँक्स या दोघांच्या रोजनिशा एकत्र गुंफल्या आणि सारा मजकूर कुकच्या तोंडी, प्रथमपुरुषी एकवचनात घातला. शंभराहून अधिक वर्षे वाचकवर्गाने जो 'कुक' वाचला तो वस्तुतः हॉक्सवर्थचा होता.

२

प्रथम कालाचा प्रश्न सोडविणे आवश्यक आहे, कारण प्रत्यक्षदर्शी दोघांच्या रोजनिशांत या एकाच दिवसाची तारीख जुळत नाही. बेटावर उतरल्याची हकीकत बँक्सने १६ जुलै या तारखेखाली लिहिली आहे. तीच हकीकत कुकच्या रोजनिशीत सोमवार, १७ जुलै या तारखेखाली येते. दोघेही एकाच होडीतून, एकाच वेळी उतरले होते. तेव्हा कोणा एकाच्या हातून प्रमाद झाला असावा, अशी शंका प्रथमदर्शनी येते. परंतु येथे प्रमाद कोणाचाच नाही.

त्या काळच्या इंग्रजी नौकांवर दिवस मध्यरात्री बदलत नसे, तो मध्यान्ही बदलत असे. सूर्य माथ्यावर येताच अधिकारी क्वाड्रंट या वेधयंत्राने त्याची उंची घेत, त्यावरून अक्षांश काढीत, आणि त्याच क्षणी नोंदवहीत नवी तारीख पडे. समुद्रावर जेथे जमिनीची एकही खूण नाही, तेथे दिवसाला विश्वासार्ह असा एकच बिंदू सापडतो, तो म्हणजे मध्यान्ह. हा नौदिन नागरी दिवसाच्या बारा तास अगोदर सुरू होई. त्यामुळे नौदिनात दुपार आधी येते, मग रात्र, आणि सकाळ सर्वांत शेवटी. नागरी १६ जुलैची सकाळ कुकच्या १६ तारखेतच पडते, पण त्याच दिवसाची दुपार त्याच्या १७ तारखेत जाते. बँक्स हा दर्यावर्दी नसल्याने जमिनीवरच्या माणसाप्रमाणे तारीख धरीत होता. हा भेद लक्षात न घेता कुकची रोजनिशी वाचणारा वाचक सकाळची भेट आणि दुपारचा विधी यांच्यामध्ये एक रात्र कल्पितो, आणि एका अखंड घटनेचे दोन तुकडे करतो. ब्रिटिश नौखात्याने ही पद्धती १८०५ साली बंद करून नोंदवहीत नागरी दिवस धरण्याचा हुकूम दिला.

मराठी ऐतिहासिक कागदपत्रांच्या अभ्यासकास हा प्रश्न सर्वस्वी अपरिचित नाही. पंचांगातील वार सूर्योदयाला पालटतो, तर पेशवाईतील पत्रांवर पडणारी मुसलमानी महिन्याची चंद्र-तारीख सूर्यास्ताला पालटते. म्हणून रात्री घडलेल्या प्रसंगाचा मेळ घालताना जंत्रीचा आकडा तसाच उचलून चालत नाही. तारीख ही घटनेच्या अंगी नसून ती मोजणाऱ्याच्या रीतीत असते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

बेटवासीयांची कालगणना आणखी निराळी होती. त्यांच्या महिन्यातील प्रत्येक रात्रीस चंद्राच्या कलेनुसार स्वतंत्र नाव होते. मध्यान्हासाठी त्यांच्या भाषेत 'आवातेआ' हा शब्द आहे, आणि नौकेवर पुढे तयार झालेल्या एका प्रसिद्ध नकाशाच्या मध्यभागी हाच शब्द लिहिलेला आढळतो. मध्यान्हीच्या सूर्याची दिशा हा या नकाशाचा आधार असावा, असा अर्थ एक्स्टाइन व श्वार्ट्झ या जर्मन अभ्यासकांनी २०१९ साली मांडला. तो ग्राह्य धरल्यास, नौकेच्या कप्तानास तारीख देणारा मध्यान्हीचा सूर्य त्याच नौकेवरील दुसऱ्या एका दर्यावर्द्यास दिशा देत होता, असे म्हणावे लागते. हा दुसरा दर्यावर्दी म्हणजेच तुपाइया. हुआहिनेच्या दिवसाचा खरा सूत्रधार तोच होय.

३

'एन्डेव्हर' ही मुळात कोळसा वाहणारी नौका. १७६४ साली व्हिटबी येथे ती बांधली गेली आणि १७६८ साली नौखात्याने विकत घेतली. लांबी सुमारे ९८ फूट आणि भार ३६८ टन. एवढ्या जागेत ऑगस्ट १७६८ मध्ये इंग्लंड सोडताना ९४ माणसे होती. ताहिती येथे तीन महिने मुक्काम करून १३ जुलै १७६९ रोजी तिने नांगर उचलला, तेव्हा तुपाइया व त्याचा तरुण सेवक ताइआता हे दोघे तिच्यावर होते.

तुपाइया हा मूळचा ताहितीचा नव्हे. हुआहिनेच्या शेजारील रायआतेआ हे त्याचे जन्मस्थान. त्या बेटावरील तापुतापुआतेआ हे देवस्थान साऱ्या द्वीपसमूहात श्रेष्ठ मानले जाई, आणि तुपाइया हा त्या परंपरेत शिकलेला पुरोहित होता. शेजारच्या बोराबोराच्या योद्ध्यांनी रायआतेआ जिंकल्यावर तो जखमी होऊन ताहितीस आश्रयास आला. मंत्र, वंशावळी, बेटांची नावे, ताऱ्यांच्या दिशा आणि वाऱ्यांचे ऋतू हे सर्व ज्ञान त्याच्या मुखोद्गत होते. त्याने सांगितलेल्या बेटांची संख्या १३० च्या घरात जाते असे कुकने लिहिले आहे. वर उल्लेखिलेल्या नकाशात त्यांपैकी ७४ बेटे दाखविलेली असून कुकच्या हातची त्याची प्रत ब्रिटिश ग्रंथालयात आहे.

अशा विद्वान पुरुषास नौकेवर घेण्यास कुक प्रथम फारसा राजी नव्हता. बँक्सने त्याच्या खर्चाचा भार स्वतः उचलला. मात्र त्यामागील एक हेतू सांगताना, आपल्या देशातील काही धनिक सिंह-वाघ पाळतात तसा हाही एक कुतूहलाचा विषय म्हणून आपल्यापाशी राहू शकेल, अशा अर्थाचा मजकूर त्याने रोजनिशीत लिहून ठेवला. हे वाक्य पुढील साऱ्या साक्षीच्या मुळाशी आहे. जो पुरुष नौकेचा वाटाड्या, दुभाषी आणि धर्माधिकारी अशा तिन्ही भूमिका वठवीत होता, त्याच्याकडे नोंद करणारे कोणत्या दृष्टीने पाहत होते हे त्यावरून कळते. वाटेत वारा पडला असता तुपाइयाने ताने या देवाची प्रार्थना केली. त्यावर, वाऱ्याची झुळूक जवळ आलेली दिसल्यावाचून तो प्रार्थनेस आरंभच करीत नाही, असा शेरा बँक्सने मारला. बँक्सला यात ढोंग दिसले. पाण्याच्या पृष्ठभागावरून येणारा वारा आधी ओळखणे ही विद्या आहे, आणि प्रार्थना व निरीक्षण ही दोन्ही एकाच विद्येची अंगे असू शकतात, ही शक्यता त्याच्या ध्यानी आली नाही.

४

१६ जुलै १७६९, रविवार. सकाळी नौका हुआहिनेच्या वायव्य टोकाशी पोहोचली. शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली पाहिली असता ८० वाव दोरी जाऊनही तळ लागला नाही. प्रवाळी बेटांच्या बाहेरील बाजूस समुद्र असाच एकाएकी खोल जातो. त्यामुळे नौका किनाऱ्यास अगदी खेटून असतानाही तिला नांगर टाकता येत नाही. प्रवाळाच्या कड्यातील खिंड सापडेपर्यंत तिला शिडांवरच तोलून धरावे लागते. तुपाइयाने या बेटांत आल्यावर एका पाणबुड्यास नौकेच्या सुकाणूच्या टाचेपर्यंत बुडी मारावयास लावून नौका पाण्यात किती खोल आहे याचे माप घेतले, अशी नोंद आढळते. पुढे खोली बेताची दिसली की तो अस्वस्थ होई. यावरून नौकेची जबाबदारी त्याने मनोमन स्वीकारली होती हे दिसते.

थोड्याच वेळात बेटावरून काही होड्या आल्या, पण भयाने दूरच घुटमळत राहिल्या. याविषयी कुक व बँक्स यांची साक्ष एक आहे. तुपाइया दृष्टीस पडला, त्याने अभय दिले, त्यानंतरच एक होडी जवळ आली. तिच्यात बेटाचा प्रमुख ओरी व त्याची पत्नी होती. दोघे नौकेवर चढली. थोड्याच वेळात ओरी व कुक यांनी परस्परांची नावे बदलून घेतली आणि पुढे ते एकमेकांस त्याच नावांनी हाक मारू लागले.

इंग्रजी वाचकांस हा नामविनिमय एक गमतीचा शिष्टाचार वाटला. पॉलिनेशियन समाजात मात्र नाव देणे म्हणजे आपले स्थान, नाती आणि उत्तरदायित्व यांत दुसऱ्यास वाटेकरी करून घेणे होय. अशा बंधुभावासाठी ताहितीच्या भाषेत 'तायो' हा शब्द होता. त्या क्षणापासून कुक हा बेटावर परका उरला नाही. नौकेच्या फळीवर उभे असतानाच बेटाच्या सामाजिक व्यवस्थेत त्यास जागा मिळाली. आपण नेमके काय स्वीकारले याची पूर्ण कल्पना त्यास असण्याचा संभव कमी. पण ओरीस ती निश्चित होती, आणि मध्ये उभ्या असलेल्या तुपाइयासही होती.

५

दुपारच्या भोजनानंतर लवकरच नौकेने बेटाच्या पश्चिम बाजूकडील फारे या बंदरात १८ वाव पाण्यात नांगर टाकला. कुक, बँक्स, डॉ. सोलांडर, नौकेचा शल्यवैद्य मंकहाउस, तुपाइया आणि ओरी हे लागलीच किनाऱ्यावर गेले. तेथे एका मोठ्या छपराखाली बरेच लोक जमले होते.

किनाऱ्यास पाय लागताच तुपाइयाने कमरेपर्यंत अंग उघडे केले व मंकहाउस यासही तसेच करण्यास सांगितले. देवतेसमोर किंवा श्रेष्ठांसमोर ऊर्ध्वांग उघडे करणे ही तेथील मर्यादेची रीत होती. मग इतरांस आपल्या मागे उभे राहण्यास सांगून तो जमलेल्या लोकांसमोर बसला आणि सुमारे पाव तास चाललेल्या प्रार्थनावजा भाषणास त्याने आरंभ केला. भाषणाच्या ओघात त्याने दोन हातरुमाल, एक काळा रेशमी गळपट्टा, काही मणी आणि पिसांचे दोन लहान जुडगे असे जिन्नस समोर पाठविले. समोरून उत्तरे येत होती. कुकच्या म्हणण्याप्रमाणे दोन प्रमुख बोलत होते. बँक्सने मात्र एकाच प्रमुखाचा, म्हणजे सकाळी नौकेवर आलेल्या ओरीचा, उल्लेख केला आहे. त्या बाजूने केळीची कोवळी रोपे व पिसे आली. ती तुपाइयाने नौकेवर पाठविण्यास सांगितले. याखेरीज पाहुण्यांच्या देवासाठी म्हणून एक डुक्कर देण्यात आले. विधी संपल्यावर सर्वांस हवे तेथे फिरण्याची मोकळीक मिळाली, आणि तुपाइया स्वतः जवळच्या 'मारे' या देवस्थानी अर्पण करण्यास निघून गेला.

या वर्णनात तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, अर्पणाचे साहित्य तुपाइयाने अगोदरच जमवून ठेवले होते, असे कुक स्पष्ट लिहितो. म्हणजे विधीची योजना नौकेच्या कप्तानाची नसून तुपाइयाची होती. इंग्रजी रुमाल व गळपट्टा हे त्याने पिसांच्या बरोबरीने ठेवले आणि व्यापाराच्या मालाला नैवेद्याचे स्वरूप दिले. दुसरी, समोरच्यांनी लोकांच्या वतीने उत्तर दिले हे सांगताना कुक आपला तर्क आहे असे नमूद करतो. प्रामाणिक साक्षीदाराची ही खूण होय. त्यास शब्द ऐकू येत होते, त्यांचा अर्थ लागत नव्हता. तिसरी, देवासाठी मिळालेल्या डुकराविषयी लिहिताना, आपल्या बाबतीत हा देव म्हणजे आपले पोटच ठरणार, असा विनोद बँक्सने केला आहे. देणाऱ्यांनी दोन दैवतांमध्ये करार केला, घेणाऱ्यांनी एक मेजवानी स्वीकारली. या विनोदातून त्या दोहोंतील अंतर जितके स्पष्ट दिसते तितके ते कोणत्याही गंभीर विवेचनातून दिसणार नाही.

६

तीन महिन्यांच्या मुक्कामानंतर या मंडळींस ताहितीची भाषा कितपत येत होती? याचे उत्तर त्यांनी लिहून ठेवलेल्या नावांतच सापडते.

कुकच्या लेखनात ताहिती 'ओताहीती' आहे, फारे बंदर 'ओव्हारे' आहे, पुरेआ ही सरदारीण 'ओबेरेआ' आहे. पुढे लंडनला गेलेला माइ हा साऱ्या युरोपात 'ओमाइ' म्हणून गाजला. या सर्व नावांच्या आरंभीचा 'ओ' नावाचा भाग नाही. तो विशेषनामापूर्वी येणारा निपात आहे. 'हे काय?' असे बोट दाखवून विचारले असता 'हे ताहिती' असे उत्तर आले आणि ते सबंध उत्तरच नाव म्हणून लिहिले गेले. देव या अर्थी दोघांनीही लिहिलेला 'एआतुआ' हा शब्दही असाच. मूळ शब्द 'आतुआ' असून आरंभीचा 'ए' हा स्वतंत्र निपात आहे. ही नावे म्हणजे एका विशिष्ट प्रकारच्या संभाषणाचे अवशेष होत. त्या संभाषणात एक बाजू बोट दाखवीत होती आणि दुसरी नाव सांगत होती.

ध्वनींच्या बाबतीत अशीच साक्ष मिळते. ताहितीच्या भाषेत 'ब' नाही, तरी इंग्रजांनी पोरापोराचे 'बोलाबोला' आणि पुरेआचे 'ओबेरेआ' केले. इंग्रजीत शब्दारंभीचा 'प' किंचित महाप्राण उच्चारला जातो. म्हणून शुद्ध अल्पप्राण 'प' इंग्रजी कानास 'ब' सारखा भासतो. 'प', 'फ' आणि 'ब' वेगळे ऐकण्याची सवय असलेल्या मराठी कानाकडून ही चूक सहसा झाली नसती. उलट दिशेनेही तेच घडत होते. ताहितीच्या भाषेत 'क' नसल्याने कुकचे नाव तेथे 'तूते' झाले. तेव्हा हुआहिनेवर ओरीने जे नाव घेतले ते त्याच्या मुखी 'तूते' हेच असणार.

बँक्सचा कान त्यातल्या त्यात तयार होता. हुआहिनेच्या लोकांची भाषा ताहितीसारखीच आहे हे त्याने त्याच दिवशी टिपले. पुढे या बेटांच्या भाषेतील संख्यावाचके मलाय व मादागास्कर येथील संख्यावाचकांशी ताडून त्यांतील साम्यही त्याने नोंदविले. हात व पाच या दोन्ही अर्थांचा 'रिमा', मलायमधील 'लिमा' आणि मादागास्करमधील 'दिमी' हे एकाच मुळाचे शब्द होत. ज्या भाषाकुलास आज ऑस्ट्रोनेशियन म्हणतात त्याच्या विस्ताराची ही आरंभीची एक जाणीव होती.

परंतु शब्दांची यादी करता येणे आणि भाषणाचा अर्थ लागणे यांत मोठे अंतर आहे. झाड, होडी, डुक्कर, बेट यांकडे बोट दाखविता येते. वचन, अभय, करार, देवतेचा अधिकार यांकडे बोट दाखविता येत नाही. हुआहिनेच्या किनाऱ्यावर त्या पाव तासात ज्या गोष्टींची देवघेव झाली त्या नेमक्या या दुसऱ्या वर्गातील होत्या. म्हणूनच वस्तूंची मोजदाद दोन्ही रोजनिशांत काळजीपूर्वक आली आहे, आणि तुपाइयाने नौकेच्या वतीने कोणते वचन दिले याविषयी दोन्ही रोजनिशा मूक आहेत.

७

शांततेचे कारण केवळ समान भाषा हे होते काय? पुढील दोन प्रसंगांवरून याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते.

पहिला प्रसंग चारच दिवसांनंतरचा. २० जुलै रोजी नौका तुपाइयाच्या जन्मबेटास, रायआतेआस, पोहोचली. तेथेही उतरताच त्याने हुआहिनेप्रमाणेच विधी केला. तो आटोपल्यावर कुकने इंग्रजी निशाण उभारून ते बेट व आसपासची बेटे, अर्थात हुआहिनेसह, ब्रिटनच्या राजाच्या नावे ताब्यात घेतल्याचे जाहीर केले. म्हणजे एकाच जागी लागोपाठ दोन विधी झाले. पहिल्यात पाहुण्यांनी यजमानांच्या देवतांकडे प्रवेशाची अनुज्ञा मागितली. दुसऱ्यात त्याच पाहुण्यांनी स्वतःस धनी म्हणवून घेतले. पहिल्याचा अर्थ इंग्रजांस लागला नाही, आणि दुसऱ्याचा अर्थ यजमानांस सांगण्यात आल्याची नोंद नाही. भाषेची अडचण दोन्ही बाजूंस होती, पण तिची किंमत दोन्ही बाजूंस सारखी पडली नाही.

दुसरा प्रसंग न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील तुरांगानुई येथील. बँक्सच्या गणनेने ८ ऑक्टोबर १७६९, कुकच्या नौदिनाने ९ ऑक्टोबर. येथे कोणताही विधी होण्यापूर्वीच मंडळी किनाऱ्यावर उतरली, आणि त्याच सायंकाळी ते मारो नावाचा माओरी पुरुष गोळीस बळी पडला. दुसऱ्या दिवशी तुपाइया नदीच्या काठावरून समोरच्या लोकांशी स्वभाषेत बोलला. हजारो मैलांचे अंतर असूनही त्यांस त्याचे बोलणे पूर्णपणे समजले. 'फारे' व माओरीतील 'व्हारे', दोहोंचा अर्थ घर, असे शब्द कानी पडताच परस्परांची ओळख पटण्यास वेळ लागला नसावा. तरीही त्या दिवशी आणखी माणसे मारली गेली. ब्रिटनच्या उच्चायुक्तांनी २०१९ साली तेथील वंशजांपाशी या मृत्यूंबद्दल खेद व्यक्त केला.

दुभाषी तोच होता, भाषा परस्परांस कळण्याजोगी होती, नौका व शस्त्रेही तीच होती. भेद एवढाच की हुआहिने येथे पाऊल टाकताच विधी झाला आणि तुरांगानुई येथे शब्दाच्या अगोदर गोळी गेली. परस्परांची भाषा कळणे ही शांततेची एक अट आहे, पण ती पुरेशी अट नाही. ते शब्द कोणत्या क्रमाने, कोणाच्या अधिकाराने आणि कोणास साक्षी ठेवून उच्चारले जातात, यावर त्यांचे बळ अवलंबून असते. हुआहिनेच्या दिवशी हा क्रम तुपाइयाने ठरविला आणि कुकने तो पाळला. मागे उभे राहण्यास सांगितले असता मागे उभा राहिलेला कप्तान हे दृश्य त्या सफरीत वारंवार दिसत नाही.

८

बेट सोडण्यापूर्वी कुकने ओरीस प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूची एक लहान कोरीव पट्टी, काही नाणेवजा पदके व मणी दिले. पट्टीवर नौकेचे नाव, कप्तानाचे नाव, बेटाचे नाव व १६ जुलै १७६९ ही तारीख होती. ही तारीख नागरी गणनेने उतरण्याच्या दिवसाची आहे. नौदिनाने पाहिल्यास ती सकाळी ओरी नौकेवर आला त्या भेटीची ठरते. दोन्ही गणनांत निर्विवाद १६ तारखेची असलेली घटना एकच, ती म्हणजे तो नामविनिमय. पट्टी कोरणाऱ्याच्या मनात हा हिशोब असेलच असे नाही, तथापि तारीख योग्य जागी पडली आहे. पट्टीवर तुपाइयाचे नाव नव्हते.

सप्टेंबर १७७३ मध्ये, दुसऱ्या सफरीत, कुक पुन्हा हुआहिनेस आला. या वेळी त्याच्याबरोबर तुपाइया नव्हता. डिसेंबर १७७० मध्ये बटाव्हिया येथे तापाने त्याचा अंत झाला होता, आणि त्याच्या काही दिवस आधी ताइआताही गेला होता. बेटवासीयांनी केळीची रोपे व इतर अर्पणे एकेक करून होडीपाशी आणली, तोवर कुक होडीतच बसून राहिला. मग सांगितल्याप्रमाणे त्याने आरसे, पदके व मणी यांनी सजविलेली केळीची रोपे हाती घेऊन किनाऱ्यावर पाऊल टाकले. चार वर्षांपूर्वी ज्याचा अर्थ तर्काने लावावा लागला होता तो विधी आता तो स्वतः करीत होता. वृद्ध ओरीने त्यास मिठी मारली तेव्हा त्याच्या डोळ्यांत अश्रू होते. ती पट्टी, पदक व मणी ओरीने दिलेल्या पिशवीतच जपून ठेवले होते, ते त्याने पुढे आणून दाखविले. याच मुक्कामात नौकेवरील एका निसर्गशास्त्रज्ञास बेटावर लुटण्यात आले. तेव्हा आपल्या लोकांच्या विनवण्या न जुमानता ओरी स्वतः कुकच्या होडीत जाऊन बसला. १७६९ च्या त्या दुपारी दिले गेलेले वचन कोणते, हे रोजनिशांत लिहिलेले नाही. ओरीच्या या वर्तनावरून ते काही अंशी वाचता येते.

हॉक्सवर्थच्या ग्रंथात हा सारा दिवस कुकच्या 'मी' मध्ये सामावला आहे. तुपाइया तेथे उल्लेखिला जातो, पण बोलत नाही. याउलट न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर दुसऱ्या सफरीची नौका लागली तेव्हा तेथील लोक प्रथम तुपाइयाची विचारपूस करू लागले, आणि तो मरण पावल्याचे ऐकून त्यांनी शोक केला. त्यांच्या स्मृतीत ती नौका तुपाइयाची होती. त्याची काही रेखाचित्रे कोणा अनामिक इंग्रजाची म्हणून दोनशे वर्षे ओळखली जात होती. ती त्याची आहेत हे बँक्सच्या १८१२ सालच्या एका पत्रावरून १९९७ साली उघडकीस आले. तेव्हापासून इतिहासलेखनातही त्याचे स्थान हळूहळू पालटत आहे.

हुआहिनेच्या एका दिवसाची जहाजावरची साक्ष अशा रीतीने वाचावी लागते. तारीख वाचताना ती कोणत्या रीतीने मोजली हे पाहावे, नाव वाचताना ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते हे पाहावे, आणि शांततेची हकीकत वाचताना ज्याच्या वाणीने ती झाली त्याचे नाव पट्टीवर आहे की नाही हे पाहावे.